चांदणीतला चेपलेला पत्रा

सिंगापूरच्या बुकित तिमाहमधल्या एका शाळेच्या हिरवळीवर पत्र्याची मोठी चांदणी उभी आहे. आठ टोकांची, माझ्याहून उंच, लाल, पिवळी, पांढरी आणि काळी. बहात्तर पत्रे आहेत तिच्यात, आणि त्यातला एक चेपलेला आहे. डावीकडे, खालून दुसऱ्या ओळीत. येणारेजाणारे म्हणतात, कुणाचा तरी फुटबॉल लागला असणार. फुटबॉल कसला! तो पत्रा मी माझ्या हाताने नवव्या मजल्यावरून खाली टाकला होता.

आता सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते. लाज वाटायची ती वाटून झाली आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. मूळची नागपूरची. सिंगापूरला आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती, आता सोळाची आहे. सुरुवातीला यिशुनला राहायचो, तिथल्याच साइटवर मी पिवळं हेल्मेट घालून दिवसभर उन्हात उभी असायचे. नंतर नवऱ्याचं ऑफिस जवळ पडावं म्हणून क्वीन्सटाउनला आलो. यिशुनच्या त्या दिवसांतलं मला खरं तर फारसं काही आठवत नाही. दमलेली असायचे, एवढंच आठवतं. त्यातून माझा स्वभाव असा, की भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी मी उठून सरळ करते. दुसऱ्याच्या घरीसुद्धा. नवरा म्हणतो, "तुला देवाने डोळे दिले नाहीत, पाणसळ दिलीय." आणि मी देव मानत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

तर मुलीच्या शाळेतून निरोप आला. चित्रकलेच्या बाई मुलांकडून हिरवळीवर एक शिल्प करून घेणार होत्या आणि त्याच्या सांगाड्यासाठी पालकांपैकी कुणी इंजिनिअर मदतीला हवा होता. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट." मी त्याच दिवशी नाव कळवलं.

या बाई लकोटा. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. पन्नाशीच्या असतील, उंच, केस अर्धे पांढरे, हसल्या की आवाज न होता नुसते खांदे हलायचे. शाळेशी त्यांचा करार जूनमध्ये संपत होता आणि त्या कायमच्या घरी परत जाणार होत्या. जायच्या आधी हे शिल्प उभं राहावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती.

माझं लकोटांबद्दलचं ज्ञान म्हणजे लहानपणी चित्रांत पाहिलेले घोडे आणि पिसांचे टोप. पहिल्याच भेटीत मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मुलांना पिसं लागतील ना? लिटल इंडियात मिळतात, मी आणते." मुलीने तोंड खिडकीकडे फिरवलं. बाईंचे खांदे हलले. म्हणाल्या, "पिसं नकोत. आमच्यात ती कमवावी लागतात." मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हा बौद्धांबद्दलही दुसऱ्यांनीच किती काय काय लिहून ठेवलंय आणि त्याचा मला किती राग येतो, आणि मी स्वतः तेच करत होते.

बाईंनी कपाटातून एक पांघरूण काढून टेबलावर पसरलं. मधोमध आठ टोकांची चांदणी, शंकरपाळ्याच्या आकाराचे शेकडो तुकडे जोडून शिवलेली. पहाटेची चांदणी म्हणे ती. त्यांच्यात कुणाचा मान करायचा तर असं पांघरूण खांद्यावर घालतात, आपण शाल घालतो तसं. हे त्यांच्या मावशीने शिवलं होतं. मी काय केलं, तर ते उलटं करून मागचे टाके पाहिले. सवयच ती. आईच्या गोधड्या पाहत वाढलेल्या बाईचा हात आपोआप मागच्या बाजूला जातो. टाके सुरेख होते. बाई म्हणाल्या, "मावशीला आवडलं असतं. तीसुद्धा आधी मागची बाजू बघते." तिथे आमचं जमलं.

त्यांनी मावशीला फोन करून विचारलं होतं, परक्या देशातल्या मुलांबरोबर ही चांदणी पत्र्यात केली तर चालेल का. मावशीने दोन दिवस घेतले आणि मग सांगितलं, कर, पण नुसती शोभेची करू नकोस. म्हणून बाईंनी तिला त्यांच्याकडची एक रीत जोडली होती. वोपिला म्हणतात तिला, म्हणजे कृतज्ञता. ज्याच्या मनात उपकाराची जाणीव आहे, तो स्वतः काहीतरी देतो, सगळ्यांसमोर.

"आमच्याकडे उलटं आहे," मी म्हटलं. "ज्याचे उपकार, त्यालाच आम्ही आणखी एक काम सांगतो."

बाई पुन्हा नुसत्या खांद्यांनी हसल्या. विचारलं, "तुमच्या भाषेत आभार कसे मानतात?"

"धन्यवाद. पण ते भाषणात. घरात कोण म्हणतंय? मी आईला धन्यवाद म्हटलं असतं तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता."

मुलगी पटकन म्हणाली, "ट्रू लाह. आमच्या घरात नोबडी सेज." मी ते ऐकलं आणि सांगाड्याच्या नकाशात डोकं घातलं.

काम असं होतं. आठ मोठे शंकरपाळे, प्रत्येकात नऊ छोटे, म्हणजे बहात्तर मुलांना बहात्तर पत्रे. अ‍ॅल्युमिनिअमचे, प्रत्येक बाजू वीतभर. मुलांनी स्वतः कापायचे, कानशीने घासायचे, रंगवायचे. आणखीही काहीतरी करायचं होतं, पण ते बाईंनी मुलांना दार लावून सांगितलं आणि कुणालाही बोलायचं नाही असं बजावलं. मी विचारलं नाही. माझं लक्ष कोनांवर. आठ शंकरपाळे एका बिंदूत मिळायचे तर प्रत्येकाचं टोक बरोब्बर पंचेचाळीस अंशांचं हवं. एकाचा जरा इकडे, एकाचा जरा तिकडे, की शेवटचा पत्रा बसतच नाही. ही चांदणी भिंतीवर टांगायची नव्हती, उघड्यावर उभी राहणार होती. सुमात्राकडून वादळी वारा येतो तेव्हा इथे झाडं उन्मळतात. मी बाईंना सांगितलं, पत्रे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत, फट नको. बाई "बघू" म्हणाल्या.

एप्रिलमध्ये मुलगी पत्रा घेऊन घरी आली, घासून पूर्ण करायला. दोन दिवस खोलीचं दार लावून खाटखूट, घरघर. नवरा म्हणाला, "शंकरपाळा तळून झाला का?" आतून घरघर वाढली. तिसऱ्या दिवशी शाळेचा कँप होता पुलाऊ उबिन बेटावर, चार दिवसांचा. जाताना ती दारातून म्हणाली, "आई, माझी प्लेट डन आहे. डोन्ट टच, हां."

मी टच केलं. केलं म्हणजे काय, झाडू मारायला खोलीत गेले आणि तो टेबलावर दिसला. लाल रंगाचा. एक बाजू तिरकी. मी वर्निअर आणून माप घेतलं. तीन मिलिमीटर! वर पत्र्यात भोकंच भोकं पाडलेली. काही बारीक, काही जाड, वाडग्यासारखं काहीतरी आणि त्यात टिकल्या. मला वाटलं, ड्रिल चालवायचा सराव केलाय कार्टीने, आणि तोसुद्धा याच पत्र्यावर. राग आला की माझ्या तोंडातून नागपूर निघतं. मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं, "काहून असं करते ही पोरगी?"

आता आपल्याकडच्या आईबापांना मी काय सांगू. वहीचं कव्हर कोण घालतं, सायन्सचं मॉडेल कोण करतं, निबंध कोण 'जरा बघून' देतं! माझ्या आईने माझं शिवणकाम करून दिलं होतं, मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. मला वाटलं, मुलीची अब्रू वाचवतेय. सगळ्या शाळेत तिचाच पत्रा बसला नाही तर? आणि तेही इंजिनिअरच्या पोरीचा? आमच्या कामाचे भाग जिथे कापून येतात तिथे मी मापं दिली. दुसऱ्या दिवशी पत्रा हातात. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. घरी आणून तसाच लाल रंग दिला, वाळवला, कापडात गुंडाळून टेबलावर जागच्या जागी ठेवला.

आणि जुना? जुना मी कचऱ्याच्या शूटमध्ये टाकला. इथल्या जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीत एक झडप असते. ती उघडायची, पिशवी सोडायची, ती भिंतीतून थेट तळमजल्याच्या डब्यात. झडपेवर स्वच्छ लिहिलंय की जड वस्तू टाकू नयेत. मी बांधकामातली बाई, दुसऱ्यांना नियम शिकवणारी. पण घरात ठेवला तर तिला दिसेल, म्हणून तिरका करून सोडून दिला. नऊ मजले तो खडखडत गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुलगी कँपवरून आली ती डासांनी फोडलेली आणि झोपेने मेलेली. तिने कापडात गुंडाळलेला पत्रा तसाच दप्तरात घातला, उघडून पाहिलाही नाही. मी मनात म्हटलं, सुटले.

दीड आठवड्याने, शनिवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये सगळे पत्रे जमिनीवर मांडायचे होते. मीही होते, कमरेला टेप लावून. मुलं एकेक करून आपला पत्रा उघडत होती, आणि तेव्हा मला दिसलं की भोकं सगळ्यांच्याच पत्र्यांना होती. एकाच्या पत्र्यावर सायकल होती, एकीच्या पत्र्यावर चष्मा, एकाच्या पत्र्यावर नुसता हात. तेवढ्यात मुलीने कापड सोडलं.

तिने पत्रा उलटा केला, सुलटा केला. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. कुणाला न विचारता तिला कळलं होतं.

"व्हेअर इज माइन?"

मी म्हटलं, "अगं, तो तिरका होता. बसला नसता. मी फक्त नीट करून—"

"व्हेअर इज माइन, आई?"

"टाकला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो नवा पत्रा हळूच जमिनीवर ठेवला, भांडं ठेवावं तसा, बाईंजवळ जाऊन दोन शब्द बोलली, दप्तर उचललं आणि गेली. मी मागे धावले तोवर बस निघाली होती.

हॉलमध्ये परत आले. एकाहत्तर पत्रे आणि एक जागा रिकामी. बाई खाली बसून त्या जागेकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तिने नाव काढून घेतलंय."

मग मुलांना दार लावून जे सांगितलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. प्रत्येक मुलाने एक माणूस निवडायचा, ज्याचे उपकार आहेत आणि ज्याला कधी ते सांगितलेलं नाही. शब्द लिहायचे नाहीत, भोकांनी चित्र काढायचं. चांदणीचं तोंड पूर्वेला राहणार होतं. पाठीमागे उभं राहिलं की सकाळचा उजेड भोकांतून येतो आणि चित्र उजळतं. चांदणी उभी राहीपर्यंत चित्र कुणाचं ते सांगायचं नाही. त्या दिवशी त्या माणसाला बोलवायचं, मागच्या बाजूला उभं करायचं, आणि हाताने काहीतरी द्यायचं. "वोपिला," बाई म्हणाल्या.

"तिचं कुणाचं होतं?"

"मला माहीत नाही. मीही विचारत नाही."

मी म्हटलं, मी दुसरा पत्रा करून घेते, भोकंसुद्धा... आणि स्वतःचं बोलणं ऐकून जीभ चावली. बाई रागावल्या नव्हत्या. तेच जास्त कठीण होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दुसरीच्या हातातली सुई कुणी काढून घेत नाही. जागा रिकामी राहील. दुसरा पत्रा तिथे लागणार नाही." चांदणी उभी करायला तीन आठवडे होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात बाईंचं विमान.

घरात मुलगी बोलेनाशी झाली. म्हणजे जेवली, शाळेत गेली, "येस", "नो", "ओके". रविवारी आम्ही काही मराठी कुटुंबं मिळून बुद्धवंदनेला जमतो, तिथेही आली. माझ्या शेजारी बसली, पण मध्ये वीतभर जागा ठेवून. त्या वीतभर जागेकडे बघत मी वंदना म्हटली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एरवीसारखी थट्टा करेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "खाली जाऊन विचारलंस का?"

"काय विचारू? दोन आठवडे होत आले. इथला कचरा रोज उचलतात, जाळतात."

"विचारलंस का?"

आमच्या ब्लॉकचा कचरा काढणारे एक चिनी अंकल आहेत. सत्तरीच्या पुढचे, बारीक, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. अकरा वर्षांत, त्यातली सात या ब्लॉकमध्ये, मी त्यांच्याशी 'मॉर्निंग अंकल' यापलीकडे बोलले नव्हते. सोमवारी सकाळी सातला मी खाली गेले. ते डबे धूत होते. हातवारे करून सांगितलं, लाल रंगाचा, असा, एवढा, भोकंवाला.

अंकलनी पाण्याचा नळ बंद केला. "ओह! यू अह?" आणि मग मला जी बोलणी बसली! वरून धातू टाकतेस? मी खाली डबा ओढत असतो, हात तुटला असता तर? शिकलेली बाई आहेस ना? सगळं त्यांच्या इंग्रजीत, मध्ये मध्ये 'लाह' आणि 'अय्यो'. मी मान खाली घालून ऐकलं. एक शब्द खोटा नव्हता. मी सॉरी अंकल, सॉरी अंकल करत राहिले.

राग ओसरल्यावर त्यांनी बोट वाकवून मागे यायची खूण केली. ब्लॉकच्या मागच्या बाजूला त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या आणि भातात वासाला घालतात ती पंदानची पानं लावली होती. त्या झाडांचं पाणी जिथे गटारात जातं, त्या तोंडावर माझ्या मुलीचा पत्रा ठेवलेला! चिखलाने माखलेला, एका बाजूने चेपलेला. "गुड वन," अंकल म्हणाले. "हॅव होल. वॉटर गो, लीफ कॅनॉट."

मी तिथेच ओल्या सिमेंटवर बसले. रडले की हसले, आता सांगता येणार नाही. त्या माणसाने भंगारात घातला असता तर संपलंच होतं.

पण अंकल काही तो सहजी देईनात. गटाराचं तोंड उघडं राहिलं की पानं अडकतात आणि मग बोलणी त्यांना बसतात. बरोबरच होतं त्यांचं. मी वर धावले आणि शाळेतून परत आणलेला माझा तो अचूक पत्रा घेऊन आले. त्यांनी उलटासुलटा करून परत दिला. "नो होल, नो यूज" असं काहीतरी त्यांच्या सुरात म्हणाले, आणि माझ्या पंचेचाळीस अंशांची किंमत तिथे झाली. पुन्हा वर गेले, मुलीचं ड्रिल काढलं आणि गॅलरीत बसून माझ्या पत्र्याला भोकं पाडली. ऑफिसला पहिल्यांदा उशीर झाला. तो पत्रा आजही त्या गटाराच्या तोंडावर आहे, आणि खरं सांगते, चपखल बसलाय.

मुलीचा पत्रा मी नळाखाली धुतला. चेपलेली जागा पाहून हात शिवशिवत होते. लाकडाचा ठोकळा ठेवून दोन हातोड्या मारल्या असत्या तर सरळ झाला असता, मला येतं ते. हातोडी काढलीसुद्धा. मग परत ठेवून दिली. पत्रा पुसून तिच्या टेबलावर ठेवला, चिठ्ठी नाही, काही नाही, आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर टेबल रिकामं होतं. पत्रा दप्तरात होता की कचऱ्यात, मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी बाईंचा मेसेज आला. त्यात एकच शब्द होता, बहात्तर.

आता माझं काम उरलं होतं. पत्रे मांडून पाहिले तेव्हा कळलं की तिरकी फक्त माझी पोरगीच नव्हती. कुणाचा दोन मिलिमीटर, कुणाचा पाच. मी बाईंना विचारलं, मावशी काय करते, तुकडे जुळले नाहीत तर? त्या म्हणाल्या, "कापत नाही. उसवते, हाताने दाबते, थोडं थोडं सरकवते. कापडाला वेळ देते." मी घरी येऊन सांगाड्याचा नकाशा फाडला. बोल्टची गोल भोकं काढून लांबट केली, म्हणजे प्रत्येक पत्रा आपल्या जागी थोडा सरकू शकेल, आणि मध्ये बोटभर फटी सोडल्या. इतकी वर्षं मी इमारतींना आधार देतेय, पण असं काही मी कधी केलं नव्हतं. गंमत म्हणजे वाऱ्यालाही तेच सोयीचं होतं. फटींतून वारा जातो, चांदणीला ढकलत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. बाईंनी माझी चूक माझ्या पदरात घातली, आणि ती घालताना माझा हात धरून ठेवला. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

जूनच्या पहिल्या शनिवारी चांदणी उभी राहिली. सकाळी साडेआठची वेळ, ऊन अजून तिरपं. मुलांनी शेवटचे बोल्ट स्वतः आवळले. बाई मावशीने शिवलेलं ते पांघरूण खांद्यावर घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या फार थोडं बोलल्या. मावशीचे आभार मानले, या जमिनीचे मानले, आणि मुलांना म्हणाल्या, आता बोलवा.

एकेक मूल आपल्या माणसाला हाताला धरून चांदणीच्या मागे नेऊ लागलं. चष्मा होता तो एका मुलीच्या आजोबांचा. सायकल होती शाळेच्या गेटवरच्या काकांची, आणि त्यांना तर स्वप्नातही वाटलं नव्हतं. हातात काही ना काही दिलं जात होतं. कुणी शिवलेली पिशवी देत होतं, कुणी बिस्किटांचा डबा. मी सांगाड्याजवळ उभी राहून नट तपासल्याचं सोंग करत होते. मला बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं, देवाशपथ म्हणायची सोय नाही म्हणून नुसती शपथ घेते. बापासाठी असेल, तो कधी ओरडत नाही. मैत्रिणीसाठी असेल.

"आई." मागे मुलगी उभी होती. "ये."

मी गेले. चांदणीच्या मागे सावली होती आणि सावलीत बहात्तर चित्रं पेटलेली. तिने बोट दाखवलं. चेपलेल्या पत्र्यातून उजेड जरा वाकडा येत होता. तेच, वाडगा आणि टिकल्या. मी खुळ्यासारखी बघत राहिले.

"कळलं नाही?" तिने मराठीत विचारलं. तिचं मराठी आता अडखळतं, शब्द शोधत शोधत येतं. "तुझं हेल्मेट आहे. उलटं. त्यात रंबुतान."

रंबुतान हे इथलं केसाळ लाल सालीचं, लिचीसारखं फळ, पण हेल्मेटमध्ये? मला काही केल्या आठवेना.

"यिशुनला. मी केजीत होते. मला कोणाची लँग्वेज येत नव्हती, मी रोज रडायचे. एव्हरी डे. तू साइटवरून आलीस, हेल्मेट भरून रंबुतान आणलेस. कोणाच्या तरी झाडाचे. तुझ्या केसांत लाल मुंग्या होत्या. आपण दोघी बाहेर कॉरिडॉरमध्ये खाली बसलो आणि सगळे खाल्ले, आणि तू म्हणालीस, सालं हेल्मेटमध्ये टाक. बाबा म्हणाले, जेवणार कोण. तू म्हणालीस, आम्ही नाही जेवणार." ती थांबली. "त्या दिवशी मी रडले नाही. फर्स्ट टाइम."

मग मला आठवलं. अगदी पुसट. आठवलं ते एवढंच, की डोक्याला मुंग्या चावून गांधी उठल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सालांनी चिकट झालेल्या हेल्मेटवरून सुपरवायझरने मला झापलं होतं. माझ्याकडे त्या दिवसाचं नुसतं झापणं राहिलं होतं. बाकीचं सगळं तिने सांभाळून ठेवलं होतं, आणि मी ते 'ड्रिलचा सराव' म्हणून नवव्या मजल्यावरून टाकून दिलं होतं.

"मला माफ कर गं," मी म्हटलं. सोळा वर्षांत हे मी तिला पहिल्यांदा म्हणत होते.

ती खाली वाकली. पिशवीतून माझं ते जुनं पिवळं हेल्मेट काढलं. कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेलं होतं, कधी उतरवलं कुणास ठाऊक. त्यात रंबुतान होते, बाजारातून आणलेले, काठोकाठ. तिने दोन्ही हातांनी ते माझ्यापुढे धरलं.

माझ्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही. तिनेही म्हटलं नाही, मीही नाही. आम्ही दोघी चांदणीच्या मागे गवतावर बसलो, मांडीला मांडी लावून, आणि एकेक सोलून खाऊ लागलो. साल कुठे टाकायचं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर तिने हेल्मेट पुढे सरकवलं.

या वेळीही ती रडली नाही. मी रडले.